दोर, गाठ आणि खलाशी : एका हुनराचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात जहाजांना जागा असते. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला, ट्रॅफल्गारची लढाई १८०५ साली झाली, ही सनावळी आपले विद्यार्थी तोंडपाठ करतात. जहाज कोणत्या राजाचे, कप्तान कोण, लढाई कोणी जिंकली हेही त्यांना सांगता येते. परंतु ते जहाज ज्या दोरांच्या बळावर चालत होते ते दोर कोणी वळले, त्यांना गाठी कोणी मारल्या, हा प्रश्न परीक्षेत येत नाही आणि म्हणून कोणी विचारीतही नाही. या दोराचा, गाठीचा आणि ती गाठ मारणाऱ्या हातांचा थोडा इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे. कोकणकिनाऱ्यावरील आपल्या समाजात दर्यावर पोट भरलेल्या माणसांची घरे पुष्कळ आहेत. तेव्हा हा इतिहास काही परक्याचा नाही.

दोरावर चालणारे जहाज

शिडाच्या जहाजाला किती दोर लागत असे याची कल्पना आज येणे कठीण आहे. ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सन ज्या 'व्हिक्टरी' जहाजावर मरण पावला ते आज इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ येथे जतन केलेले आहे. त्यावरील दोरांची एकूण लांबी सुमारे २६ मैल, म्हणजे ४२ किलोमीटर भरते. चहाची वाहतूक करणाऱ्या 'कटी सार्क' या १८६९ सालच्या जहाजावर सुमारे ११ मैल दोर होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. त्याच्या डोलकाठ्यांवरही दोरांचे असेच जाळे आहे.

हा दोर तयार करण्यामागे मोठे शास्त्र आहे. वाखाच्या तंतूंना एका दिशेने पीळ देऊन सूत करतात. अशी अनेक सुते उलट दिशेने पिळून पेड होतो. तीन पेड पुन्हा पहिल्या दिशेने पिळले की दोर होतो. एका पिळाला उलगडावयाचे असते, दुसरा त्याला उलगडू देत नाही. दोन्ही एकमेकांना अडवून धरतात म्हणूनच दोर टिकतो. आपल्या शेतकऱ्याचे चऱ्हाट आणि आरमारी जहाजाचा दोरखंड यांत या बाबतीत काही फरक नाही. लांब दोर वळण्यासाठी जागाही लांब लागते. इंग्लंडमधील चॅटम येथील दोर वळण्याची इमारत सुमारे ३४६ मीटर लांब आहे आणि तेथे आजही दोर वळला जातो. ब्रिटिश आरमाराच्या दोरात एक रंगीत सूत मुद्दाम घालीत असत. चोरीला गेलेला सरकारी दोर त्यावरून चटकन ओळखता येत असे. दोराची किंमत त्या काळी किती होती हे यावरून ध्यानात यावे.

सुरगाठ आणि निरगाठ

आपल्या भाषेत गाठीचे दोन प्रकार सांगितले जातात. ओढताच सुटते ती सुरगाठ आणि सहजासहजी सुटत नाही ती निरगाठ. खलाशाची अडचण अशी की त्याला दोन्ही गुण एकाच गाठीत हवे असतात. वादळात शीड फाटेपर्यंत ओढ बसली तरी गाठ सरकता कामा नये, आणि वादळ शमल्यावर भिजलेला दोर थंडीने बधिर झालेल्या बोटांनी अंधारात सोडता आला पाहिजे. या दोन अटी पुऱ्या करणाऱ्या गाठी शेकडो वर्षांच्या अनुभवातून निवडल्या गेल्या.

अशा गाठींमध्ये 'बोलाईन' ही सर्वांत उपयुक्त मानली जाते. विद्यार्थी मित्रांनी ती घरी करून पाहावी. दोरीच्या टोकापासून हातभर अंतरावर एक लहान वेटोळे करा. टोकाकडील बाजू वेटोळ्यात वरती ठेवा. आता मोकळे टोक वेटोळ्यातून खालून वर काढा, मूळ दोरीच्या मागून फिरवा आणि पुन्हा त्याच वेटोळ्यातून खाली घालून ओढा. जो फेरा तयार होईल तो कितीही ओढला तरी आवळत नाही. म्हणूनच पाण्यात पडलेल्या माणसाच्या काखेखालून तो घालता येतो. तोच फेरा सरकफासाचा असता तर माणूस वाचण्याऐवजी गुदमरला असता. कोठल्या जागी कोठली गाठ मारावयाची, हे जाणणे म्हणूनच जिवाचा प्रश्न होता.

खलाशाची हत्यारे

दोरकामाची हत्यारे थोडी असत आणि त्यांतली कित्येक खलाशी स्वतःच बनवीत. दोराचे पेड फाकवण्यासाठी लाकडाचा किंवा देवमाशाच्या हाडाचा निमुळता सुळा असे, त्याला 'फिड' म्हणतात. त्याच कामाचा लोखंडी सुळा म्हणजे 'मार्लिनस्पाइक'. शीड शिवताना सुई रेटण्यासाठी तळहातावर चामड्याचा पट्टा चढवीत. दोरावर बारीक सुतळी घट्ट गुंडाळण्यासाठी खाच पाडलेला लाकडी ठोकळा असे.

डोलकाठीला आधार देणारे दोर पावसापाण्यात कुजू नयेत म्हणून त्यांवर तीन थर चढवीत. प्रथम दोन पेडांमधील खाचेत बारीक दोरी भरावयाची, त्यावर डांबर लावलेल्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळावयाच्या आणि सर्वांवर सुतळीचे घट्ट वेढे द्यावयाचे. पहिले दोन थर दोराच्या पिळाच्या दिशेने आणि शेवटचा उलट दिशेने, हा नियम होता.

दोरापासूनही हत्यारे होत. जहाज धक्क्याला लागताना पातळ दोर किनाऱ्यावर फेकावा लागतो. त्याच्या टोकाला वजन हवे म्हणून मुठीएवढी गोल गाठ मारीत. तिला इंग्रज खलाशी 'माकडाची मूठ' म्हणत. डोलकाठीवर काम करण्यासाठी दोराने टांगलेली फळी, दोराची शिडी, धक्क्याशी घासू नये म्हणून जहाजाच्या अंगाला अडकवलेले दोराचे जाड गोळे, हे सर्व खलाशी हाताने करीत. चाकू गोफाने गळ्यात किंवा कमरेला बांधलेला असे. शंभर फुटांवरून निसटलेला चाकू खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात पडू नये म्हणून ही काळजी होती.

शोभा आणि उपयोग

अमेरिकेतील देवमासे पकडणारी जहाजे तीन-तीन, चार-चार वर्षे घरी परतत नसत. कामाची पाळी नसताना खलाशांच्या हाती मोकळा वेळ असे आणि जवळ जुन्या दोराचे तुकडे असत. त्यांतून शोभेचे दोरकाम वाढीस लागले. खलाशाची सारी मालमत्ता एका लाकडी पेटीत मावत असे. त्या पेटीच्या दोन्ही बाजूंच्या कड्या दोराच्या असत. त्यांवर वेण्या, गोंडे आणि तऱ्हेतऱ्हेच्या गाठी घालून तो आपले कसब दाखवी. जहाजाच्या घंटेचा दोर, चटया, कमरपट्टे, बाटल्यांवरची जाळी, तसबिरींच्या चौकटी असे कितीतरी प्रकार त्या काळी होत असत.

यातील पुष्कळशी शोभा उपयोगातूनच आलेली होती. 'तुर्काचे डोके' नावाची एक सुंदर गाठ आहे. ती फेट्यासारखी दिसते म्हणून तिला युरोपीय खलाशांनी हे नाव दिले. सुकाणूच्या चाकाच्या एका आऱ्यावर ही गाठ घालण्याची पद्धत होती. ती वरती आली की सुकाणू सरळ आहे असे समजावे. काळोख्या रात्री सुकाणीला डोळ्यांनी काही दिसत नसले तरी बोटांना ती गाठ लागे आणि जहाजाची दिशा कळे. जुने दोर पिंजून केलेले झुपके शिडाजवळच्या दोरांवर बांधलेले दिसतात. ते शीड घासून फाटू नये म्हणून असतात.

सुतळीच्या गाठींच्या विणकामाला आज आपण 'मॅक्रमे' म्हणतो. खलाशी हे काम फार पूर्वीपासून करीत आले. तो शब्द तुर्कीतून युरोपात गेला असून त्याचे मूळ अरबी 'मिक्रमा', म्हणजे नक्षीदार वस्त्र किंवा आच्छादन, या शब्दात आहे. विद्यार्थिनी आज ज्या कलेने पडदे आणि कुंड्यांची शिंकी करतात तिचे नाव असा लांबचा प्रवास करून आपल्याकडे आलेले आहे.

गाठीने वेग आणि अक्षांश मोजणे

जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्ये सांगतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्याचे कारण अगदी शब्दशः आहे. एका लाकडी फळीला लांब दोर बांधून ती जहाजामागे पाण्यात टाकीत. फळी पाण्यात जवळजवळ स्थिर राही, जहाज पुढे जाई आणि दोर सुटत जाई. दोरावर दर ४७ फूट ३ इंचांवर गाठीने खूण केलेली असे. वाळूचे २८ सेकंदांचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकतील तितका जहाजाचा वेग. हिशेब सोपा आहे. सागरी मैल सुमारे ६०८० फुटांचा आणि तास ३६०० सेकंदांचा. ६०८० ला २८ ने गुणून ३६०० ने भागले की ४७ फूट आणि थोडे इंच येतात. त्रैराशिकाचे हे गणित अक्षरही न लिहिता येणाऱ्या खलाशाच्या हातातील दोरावर बांधलेले होते.

त्याहूनही नवलाचे साधन अरबी समुद्रात वापरात होते. त्याचे नाव 'कमाल'. ही एक लहान चौकोनी लाकडी पाटी. तिच्या मध्यातून एक दोरी ओवलेली आणि दोरीवर ठरावीक अंतरांवर गाठी. खलाशी दोरीची गाठ दातांत धरी आणि पाटी समोर ताणून धरी. पाटीची खालची कड क्षितिजावर आणि वरची कड ध्रुवताऱ्यावर जुळली की त्या ताऱ्याची उंची कळे. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजेच जवळजवळ त्या जागेचा अक्षांश. दोरी लांब तेवढा कोन लहान, म्हणून दक्षिणेकडील बंदराची गाठ पाटीपासून दूर असे आणि उत्तरेकडील बंदराची जवळ. एकेका बंदरासाठी एकेक गाठ ठरवलेली असे. परतताना तारा आपल्या बंदराच्या गाठीवर जुळेपर्यंत उत्तरेस किंवा दक्षिणेस जावयाचे आणि मग तोच अक्षांश धरून किनाऱ्याकडे वळावयाचे.

ही उंची 'इसबा', म्हणजे बोट, या मापात मोजीत. एक इसबा दीड अंशाहून किंचित मोठा असे. पंधराव्या शतकातील अहमद इब्न माजिद याने या विद्येवर अरबीत ग्रंथ लिहिले. वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट त्यानेच दाखविली अशी कथा पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते, परंतु अभ्यासक आज ती मान्य करीत नाहीत. पोर्तुगीज इतिहासकार बारुश याने तो वाटाड्या गुजराती मुसलमान होता असे लिहिले असून त्याचे नाव 'मलेमो काना' असे दिले आहे. 'मलेमो' म्हणजे अरबी 'मुअल्लिम'. जहाजाची वाट जाणणाऱ्याला हिंदी महासागरात मुअल्लिम, म्हणजे शिक्षक, म्हणत. पुढे खलाशांच्या बोलीत त्याचे 'मालम' झाले. आम्हा शिक्षकांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

काथ्याने शिवलेली जहाजे

आपल्या समुद्रात दोराचे आणखी एक मोठे काम होते. येथील जहाजांच्या फळ्या खिळ्यांनी न ठोकता नारळाच्या काथ्याने शिवीत असत. स्पेनमधून हजला निघालेला प्रवासी इब्न जुबैर याने ११८३ साली तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरात अशी जहाजे पाहून त्यांचे वर्णन लिहिले. काथ्या कुटून त्याची दोरी कशी वळतात हेही त्याने नोंदविले आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये राहिला. त्यानेही या दोरीची हकीकत दिली आहे. त्याचे म्हणणे असे की या समुद्रात खडक फार. खिळ्यांचे जहाज खडकावर आपटले तर फुटते आणि शिवलेले जहाज लवते म्हणून वाचते.

ही गोष्ट खरी की खोटी, याची परीक्षा आपल्या काळात झाली. टिम सेव्हरिन या संशोधकाने ओमानमध्ये 'सोहार' नावाचे जहाज एकही खिळा न वापरता काथ्याने शिवून बांधविले. ते शिवण्यासाठी लक्षद्वीपच्या कारागिरांना बोलवावे लागले, कारण तो हुनर त्यांच्या हातात शिल्लक होता. १९८० साली निघालेले हे जहाज १९८१ साली चीनमधील कॅन्टन येथे सुखरूप पोहोचले. पुस्तकातले वर्णन किती बरोबर होते हे कारागिरांच्या बोटांनी सिद्ध केले.

आपले खलाशी

आता आपल्या घराकडे वळू. आगबोटी आल्यानंतर ब्रिटिश कंपन्यांनी मुंबई आणि कलकत्त्याहून हजारो हिंदी खलाशी नेमले. त्यांना 'लस्कर' म्हणत. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्यांची संख्या ५० हजारांहून अधिक होती. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर इंजिनखात्यात पंजाबी आणि पठाण, खानपानाच्या खात्यात गोव्याचे लोक आणि डेकवर बहुधा कोकण, कच्छ, काठियावाडचे मुसलमान खलाशी अशी वाटणी दिसे. दोराचे काम डेकवरचे. म्हणजे ते आपल्या लोकांकडे होते. त्यांचा मुख्य सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सामानकोठीवर कसाब, सुकाणूवर सुकाणी अशी त्यांची उतरंड होती. सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावे आजही कोकणात आहेत.

त्यांची बोलीही निराळी होती. तीत हिंदुस्तानी, फारसी, अरबी आणि पोर्तुगीज शब्दांची सरमिसळ असे. दोर सैल सोडण्याचा 'आर्या' आणि वर ओढण्याचा 'हबेस' हे गोदीत ऐकू येणारे हुकूम तिच्यातलेच. टॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात या बोलीचा कोश छापला आणि १८८२ साली जॉर्ज स्मॉल याने त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. गोऱ्या अधिकाऱ्यांना खलाशांवर हुकूम सोडता यावेत हा त्या कोशांचा हेतू होता. त्यामुळे हुकूम नोंदले गेले. मात्र सारंगाने गाठ कोणाकडून शिकली, तिला तो काय म्हणे, नव्या पोराला कशी शिकवी, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

दोन महायुद्धांत हे खलाशी पाणतीरांनी बुडालेल्या बोटींबरोबर गेले. पहिल्या महायुद्धात दर्यात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होम येथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील सहा हजारांहून अधिक व्यापारी खलाशांची नावे तेथील स्मरणग्रंथात नोंदलेली आहेत. नावे आहेत, पण त्या हातांना काय येत होते याची वही नाही.

लिहून ठेवणारा माणूस

याच्या उलट एक उदाहरण देतो. अमेरिकेतील न्यू बेडफर्ड हे देवमासे पकडणाऱ्या जहाजांचे बंदर. तेथे १८८१ साली क्लिफर्ड ॲश्ली यांचा जन्म झाला. ते चित्रकार होते. १९०४ साली ते अशाच एका जहाजावर गेले आणि पुढे आयुष्यभर गाठी गोळा करीत राहिले. खलाशी, कोळी, खाटीक, विणकर, जो कोणी दोरीला हात लावतो त्याला त्यांनी विचारले. अकरा वर्षे खपून त्यांनी गाठींचा महाग्रंथ सिद्ध केला आणि तो १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३९०० नोंदी आणि सुमारे ७००० आकृत्या आहेत. तीन वर्षांनी ते वारले. शिडाची जहाजे संपत आली होती आणि म्हातारे खलाशी एकेक करून जात होते, अशा वेळी त्यांनी हे काम केले. आज जगात कोठेही गाठीचा अभ्यास करणारा माणूस त्यांच्या ग्रंथातील क्रमांकानेच गाठ ओळखतो.

लिहून ठेवण्याचे महत्त्व आणखी एका प्रसंगावरून दिसते. १९७८ साली इंग्लंडमधील डॉ. एडवर्ड हंटर यांनी दोन दोर जोडण्याची नवी गाठ शोधल्याचे वृत्त लंडनच्या 'टाइम्स'ने पहिल्या पानावर छापले. त्यातून उत्पन्न झालेल्या उत्साहातून १९८२ साली गाठी बांधणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. परंतु हीच गाठ अमेरिकेत फिल स्मिथ यांनी १९५० च्या दशकातच छापून ठेवलेली होती, असे मागाहून आढळले. लिहिलेले होते म्हणून स्मिथ यांचे श्रेय त्यांना मिळाले. आपल्या एखाद्या तांडेलाने तीच गाठ त्याआधीही मारली असेल, पण ते आता कोणी सांगू शकणार नाही.

पालकांस व विद्यार्थ्यांस

लोखंडी तारेचे दोर आले, मग नायलॉन आले आणि कित्येक जुन्या गाठी या गुळगुळीत दोरावर सरकू लागल्या. तरीही जहाजावर रुजू होणाऱ्या नव्या खलाशाला आजही मूलभूत गाठी शिकाव्याच लागतात. हुनर अगदी संपलेला नाही.

आपण खलाशी झालो, मुलाने होऊ नये, असे पुष्कळ बापांना वाटले आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. दर्यावरचे हाल त्यांनी भोगले होते. मुलाच्या हाती पुस्तक यावे म्हणूनच त्यांनी मनिऑर्डरी पाठविल्या. परंतु आजोबा खलाशी होते हे सांगताना शिकलेल्या नातवाने आवाज खाली आणावा, हे मात्र बरे नव्हे. ज्याला आपण अडाणी म्हणतो त्याच्या बोटांत भूमितीही होती आणि गणितही होते.

म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. घरात, मोहल्ल्यात किंवा गावी दर्यावर काम केलेले बुजुर्ग असतील तर दोन हात दोरी आणि एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. एकेक गाठ त्यांना मारावयास सांगा. तिचे नाव काय, ती कशासाठी, कोणाकडून शिकलात, कोणत्या बोटीवर, हे विचारून लिहून घ्या. आकृती काढा आणि ती गाठ तुम्हाला स्वतःला येईपर्यंत उठू नका. डोके विसरले असले तरी दोरी हातात आली की बोटांना आठवते. अशा दहा वह्या जरी शाळेच्या ग्रंथालयात जमा झाल्या तरी आपल्या खलाशांचा इतिहास लिहिण्यास आरंभ झाला असे म्हणता येईल. ते काम बुजुर्ग हयात आहेत तोवरच होऊ शकते.